पहिलं घर लावताना घाई नको

पहिल्या घराबद्दल अभिनंदन! पण पहिल्याच महिन्यात घर भरू नकोस. गादी, शेगडी, पंखा, चार भांडी एवढ्यावर सुरुवात कर. थोडं राहिल्यावर कोणती भिंत ओल धरते, ऊन कुठे येतं ते कळतं. कपाटाची जागा मग ठरव.

गादी नवीनच घे. लाकडी सामान मात्र बिनधास्त जुनं बघ. मुंबईत असशील तर जोगेश्वरीच्या ओशिवरा मार्केटला एक चक्कर मारच. जुनं सागवान मला नव्या पार्टिकल बोर्डापेक्षा (लाकडाचा भुसा-चुरा दाबून केलेल्या फळीपेक्षा) कधीही पसंत. त्या बोर्डात पाणी शिरलं की तो फुगतो, नंतर स्क्रूसुद्धा धरत नाही. पलंग घेताना उलटा करून सांधे नीट बघ. काळे ठिपके दिसले तर ढेकणांची शंका घे आणि सोडून दे. लाकडावर टिचकी मार, पोकळ आवाज आला तर वाळवी असू शकते. पैसे देण्याआधी दाराचं आणि लिफ्टचं माप घे, टेम्पो-हमाली कोणाकडे तेही बोलून घे.

पंख्यात काटकसर नको. साधा पंखा साधारण 75 वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा पंखा, 30च्या आसपास. महाग पडतो, पण दिवसरात्र चालणार असेल तर बिलात फरक दिसतो.