'रेड इंडियन' नाही, तर मग काय लिहायचं?

कॅनडा-अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवर मराठीत लेख लिहिताय आणि 'रेड इंडियन' चालेल की 'आदिवासी' म्हणू, असं तुम्ही विचारलंय. 'रेड इंडियन' नकोच. त्यात कातडीचा रंगही आला आणि कोलंबसाचा गैरसमजही. 'आदिवासी' चूक नाही, पण वाचकाच्या डोळ्यासमोर लगेच जंगल आणि पाडा उभा राहतो, मग टोरंटोत वकिली करणारी मोहॉक समाजातली बाई त्यात बसत नाही. मी 'मूळ रहिवासी' लिहितो, तेही अगदी गरज पडली तरच.

कारण बहुतेक वेळा असा सरसकट शब्द लागतच नाही. लेख ज्यांच्यावर आहे त्यांचं नाव लिहा. लाकोटांबद्दल असेल तर 'लाकोटा'. त्यांच्यासाठी वापरलं जाणारं 'सू' हे नाव शेजाऱ्यांच्या भाषेतून फ्रेंचांमार्फत आलेलं आहे. नवाहो स्वतःला 'दिने' म्हणवतात, पण त्यांच्या सरकारचं अधिकृत नाव आजही 'नवाहो नेशन' आहे, त्यामुळे पहिल्यांदा दोन्ही नावं देऊन टाका. कॅनडात फर्स्ट नेशन्स, इनुइट (आर्क्टिक भागातले) आणि मेटिस (मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचे) असे तीन वेगळे समूह आहेत, त्यांची खिचडी करू नका. 'एस्किमो' खोडून सगळीकडे 'इनुइट' टाकणं हीसुद्धा घाईच, कारण अलास्कातले यूपिक इनुइट नाहीत. आणि इनुइट माणूस एकच असेल तर तो 'इनुक'.

कायद्यांची आणि संस्थांची नावं मात्र सुधारायला जाऊ नका. कॅनडाचा १८७६चा 'इंडियन अ‍ॅक्ट' त्याच नावाने अजून लागू आहे. कुणी मुलाखतीत स्वतःला 'इंडियन' म्हणत असेल तर ते तसंच छापा. त्यांचा शब्द बदलणारे आपण कोण?

खरी गोची नामांपेक्षा क्रियापदांत असते. हे वाक्य बघा: 'कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला तेव्हा तिथे रानटी टोळ्या राहत होत्या.' 'रानटी' काढलं की काम झालं असं वाटतं. पण ज्या जागी माणसं राहत होती तिचा शोध कसला? आणि 'टोळी' म्हटलं की आपल्याला दरोडेखोर आठवतात. मी ते असं करीन: '१४९२मध्ये कोलंबस बहामा बेटांवर उतरला. तिथे ताइनो लोक राहत होते.' वाक्य छोटं झालं, माहिती वाढली.

इथला 'होते' ठीक आहे, कारण घटना १४९२ची आहे. पण भाषा, समारंभ, राज्यकारभार यांबद्दल लिहिताना भूतकाळ आपोआप येतो आणि जिवंत लोक वाचकाच्या मनात नामशेष होतात. 'इरोक्वाय लोकांचा एक संघ होता' असं सर्रास लिहिलं जातं. तो संघ आजही आहे, सहा नेशन्सचा म्हणजे सहा समूहांचा, आणि ते स्वतःला होडिनोशोनी म्हणवतात. (तसंच 'कॅनडाने आपल्या मूळ रहिवाशांना' यातलं 'आपल्या' उडवा. ते कॅनडाच्या मालकीचे नाहीत.)

उच्चारासाठी इंग्रजी स्पेलिंगवरून अंदाज बांधू नका. त्या त्या समूहाच्या लोकांनी स्वतः बोललेले व्हिडिओ सहज सापडतात. दोन-तीन ऐका आणि कानाला आलं तसं देवनागरीत उतरवा. मग लेखभर तेच ठेवा, एका परिच्छेदात 'नवाहो' आणि पुढच्यात 'नॅव्हाजो' नको.