योस्टला पहिल्यांदा जातोयस ना?

अ‍ॅन आर्बरला राहतोयस, तर मिशिगन विद्यापीठाचं आइस हॉकीचं स्टेडियम, योस्ट आइस अरेना, बघच. पण स्कोअरबोर्ड केवढा यावरून मत बनवू नकोस. इमारत १९२३ची, बांधली इनडोअर खेळांसाठी. बर्फ आला १९७३मध्ये. त्यामुळे आवाज असा घुमतो की नव्या चकचकीत अरेनाला ते जमायचं नाही.

जागा निवडताना बर्फाभोवतीच्या काचेला चिकटून बसायचा मोह टाळ. फोटो झकास येतात, पण लांबच्या टोकाला काय चाललंय ते कळत नाही. थोडं वर, ब्लू लाइनच्या (बर्फावर आखलेल्या निळ्या रेषेच्या) आसपास बस आणि एकच गोष्ट तपास: आपल्या बाजूच्या फळीला (बर्फाभोवतीच्या कठड्याला) घासत जाणारा पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, न उठता दिसतो का? नसेल दिसत तर जागा बदल.

वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड असतात. मध्यंतरात सगळे वडे शोधायला धावल्यासारखे पळतात, तू बसून राहा. झांबोनी, म्हणजे बर्फ सारखा करणारी गाडी, बर्फाचा पातळ थर खरवडून वर गरम पाणी सोडते. खेळ सुरू होताना पाणी अजून चमकत असेल तर पक रखडतो. तिसऱ्या पिरियडच्या शेवटी पक उड्या मारायला लागला, तर बर्फाची खरी परीक्षा तीच.

विद्यार्थ्यांच्या घोषणा शिवराळ असतात, आईबाबांना नेणार असशील तर विद्यार्थ्यांपासून लांबची तिकिटं काढ. बँड मात्र कुठूनही ऐकू येतो. आणि हो, स्वेटर आतही लागतो.