गावी जायचं, पण पाहुणी म्हणून की घरची म्हणून?

दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. गणपतीला गावी जायचंय, पण जीव घाबरतो. विचारणारे बहुतेक चाकरमान्यांची मुलं, आता स्वतःच चाळिशीला टेकलेली. गावाशी नातं वडिलांमुळे होतं. वडील थकले किंवा गेले की ते नातं नक्की कुणाच्या नावावर आहे, हे कळेनासं होतं. त्यातलीच ही एक हकिकत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि लिहायला त्या बाईंची परवानगी आहे.

बाई ठाण्याच्या. मूळ गाव कुडाळजवळ. वडील आदल्या वर्षी गेलेले. काकांचा फोन आला होता, ‘यंदा गणपतीक येवा.’ तेव्हापासून त्यांनी दोनदा तिकिटं काढली आणि दोनदा रद्द केली. गणपतीतलं कोकण रेल्वेचं कन्फर्म तिकीट रद्द करणारा माणूस खरोखर अडचणीत असतो, हे मी कोकणातली नसूनही सांगू शकते.

पहिल्या सत्रात त्या आपल्या अकरा वर्षांच्या मुलीबद्दलच बोलत होत्या. तिला मालवणी कळत नाही, विहिरीचं पाणी बाधेल, पावसात वीज जाते, मुलांमध्ये ती एकटी पडेल. मी विचारलं, “मुलगी काय म्हणते?” म्हणाल्या, “ती? ती बॅग भरून बसलीय.” मग विचारलं, “आणि मुलगी नसती, तर तुम्ही गेला असता?” यावर बराच वेळ काही नाही. त्यांनी टिश्यूची घडी घातली, उलगडली, परत घातली. शेवटी म्हणाल्या, “काकीला वाटेल, हिस्सा मागायला आली.”

इथे खरी गाठ होती. घर आणि कलमांची बाग सामाईक. सातबाऱ्यावर वडिलांचं नाव अजून तसंच. एका चुलतभावाने मागे फोनवर सहज म्हणून टाकलं होतं, “ताई, एक सही लागेल, तू येशील तेव्हा बघू.” त्या ‘बघू’वर त्यांच्या दोन महिन्यांच्या झोपा गेल्या होत्या. सही केली तर बाबांचं काहीच उरत नाही. नाही केली तर माहेर तुटतं. शिवाय आपण एवढा विचार करतो म्हणजे आपणच लोभी, ही टोचणी वेगळीच.

मी वकील नाही, आणि मालमत्तेचा सल्ला समुपदेशकाने देऊ नये. त्यांना वकिलाकडे पाठवलं. पण भीती अंधारात वाढते म्हणून दोन-तीन गोष्टी आम्ही कागदावर लिहिल्या. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असोत-नसोत तो लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. वारसनोंद म्हणजे सातबाऱ्यावर वारसांची नावं लावणं आणि हक्कसोड म्हणजे आपला हिस्सा सोडून देणं, या दोन वेगळ्या गोष्टी. हक्कसोडपत्राची दुय्यम निबंधकांकडे नोंदणी करावी लागते. आरती झाल्यावर पडवीत बसून कुणी कागद पुढे केला म्हणून जमीन जात नाही. “आणि चतुर्थीला ते कार्यालय बंदच असतं,” मी म्हटलं. त्या पहिल्यांदा हसल्या.

मग एक फोन ठरवला. काकांना, निघण्याआधी, आणि चुलतभावाला मध्ये न घेता. वाक्य त्यांचं त्यांनीच जुळवलं: “काका, आम्ही पाच दिवस येतो. जमिनीचं बोलणं गणपतीत नको. दिवाळीनंतर मी त्यासाठी वेगळी येईन.” काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बरां. देवाच्या दिसांत तो इषय नकोच.” बाईंना वाटलं, काकांनाही सुटल्यासारखं झालं. मला नवल वाटलं नाही. नको असलेला विषय काढायची जबाबदारी बऱ्याचदा दोन्हीकडे असते आणि दोघंही ती दुसऱ्यावर ढकलत असतात.

आता माझी चूक. मी त्यांच्याकडून प्रश्नोत्तरांची तालीम करून घेतली. ‘इतकी वर्षं का नाही आलीस’, ‘नवरा कुठे’, ‘दुसरं मूल का नाही’: प्रत्येकाला एक सौम्य, छोटं उत्तर. त्यांनी ती पाठ केली. गावी यातलं कुणी फारसं विचारलंच नाही. खळ्यात पाऊल टाकलं आणि पडवीतल्या म्हाताऱ्या आतेआजीने डोळ्यांवर हात धरून बघत म्हटलं, “गो, चालणां तुझां बापाशीसारख्यां!” याचं उत्तर आमच्या यादीत नव्हतं. बाई बॅग हातात तशीच धरून रडत उभ्या राहिल्या.

मी जमिनीच्या मागे लागले आणि दुःख माझ्या नजरेतून निसटलं. बाबांचे दिवस ठाण्यात, हॉल घेऊन, एका दुपारी उरकले होते. ज्यांनी बाबांना चड्डीत बघितलं होतं ती माणसं इकडे होती आणि त्यांच्याबरोबर बसून रडणं राहून गेलं होतं. हे मला पहिल्याच सत्रात विचारता आलं असतं.

त्यांना रडताना बघून काकी काही बोलली नाही. आत जाऊन नारळाची कवड घेऊन आली. “उभी कित्याक रवलंस? धर, खोव.” बाई आडाळ्यावर, म्हणजे नारळ खोवायच्या मालवणी विळीवर, बसल्या. ठाण्याच्या ओट्यावर मिक्सर वापरणाऱ्या हाताला तो पहिले दोन दिवस जुमानत नाही. खोबऱ्यात करवंटीचं काळं उतरलं. काकीने ते बघितलं, नाक मुरडलं, आणि पुढची कवड दिली. बाई मला म्हणाल्या, “तिने चहा आणून दिला असता ना, तर मी संध्याकाळच्या गाडीने परत आले असते.”

मी आता याच कारणाने लोकांना सांगते की दीड दिवसासाठी जाऊ नका. पहिला दिवस पाहुणचारातच जातो. तिसऱ्या दिवशी तुमच्यावर कुणी वैतागलं की समजा, जागा झाली. आणि काम मागून घ्या. त्यांच्या मुलीला मुलांनी माटवी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची सजावट, बांधायला घेतलं: कवंडळं, हरणाची फुलं, हिरव्या सुपारीचा घोस, केळीच्या सोपटाची दोरी. भाषा येत नसली तरी ‘हे धर, ते सोड’ एवढं कळतं. दोन दिवस ती कंटाळलीसुद्धा, नेटवर्क नाही म्हणून रुसली. रुसू द्यावं.

चतुर्थीला काकांनी गाऱ्हाणं घातलं. ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरुवात, आणि प्रत्येक मागण्यामागे सगळ्यांचं एका सुरात ‘व्हय म्हाराजा’. बाबा ठाण्याच्या घरात कशालाही हेच म्हणायचे. दूध आणलंत का, व्हय म्हाराजा. बाईंना तो त्यांचा विनोद वाटायचा.

दिवाळीनंतर त्या ठरल्याप्रमाणे पुन्हा गेल्या, कागद घेऊन. वारसनोंदीचा अर्ज दिला. हक्कसोडावर सही केलेली नाही, चुलतभाऊ त्यावर नाराज आहे, काकीही कधी तुटक बोलते. हे मिटलेलं नाही. लवकर मिटेल असं त्यांनाही वाटत नाही. आमची सत्रं आता महिन्यातून एकदाच असतात, सकाळी आठला. गेल्या महिन्यात त्यांनी वेळ बदलून मागितली. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला उघडतं, आणि यंदा मुलीने लॅपटॉपवर नि आईने मोबाइलवर, असं दोघींनी बसायचं ठरवलं होतं.