तळं डाव्या हाताला ठेवा: किलार्नीच्या सायकलवाटांबद्दल वाचकांचे प्रश्न

आयर्लंडमधल्या मोटारविरहित सायकलवाटांबद्दल नागपूरच्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेकांना केरी परगण्यातल्या किलार्नीला जायचं आहे, म्हणून उत्तरांचा मोठा भाग तिथलाच आहे.

मुलगा डब्लिनला असतो. येत्या जूनमध्ये आम्ही दोघं (वय ६३ आणि ५९) तिकडे जाऊन राहिलो. रोज सकाळी फुटाळा ते अंबाझरी सायकल होते, पण भरधाव मोटारींच्या रस्त्यावर जायची हिंमत नाही. किलार्नीच्या तलावाला मोटारींशिवाय पूर्ण चक्कर मारता येते का? (धरमपेठ)

किलार्नीला तलाव एक नाही, तीन आहेत. सगळ्यांत मोठा लॉख लेन, सुमारे १९ चौरस किलोमीटरचा. त्याला लागून मधला मक्रॉस, आणि डोंगरात आत शिरलेला वरचा तलाव. लॉख लेनला पूर्ण वळसा घालायचा तर उत्तरेला आणि पश्चिमेला मोटारींचे रस्ते लागतात, तेव्हा तो विचार सोडा. तुमच्यासाठी मक्रॉसची फेरी आहे, सुमारे १० किलोमीटरची.

किलार्नी गावातून मक्रॉस हाऊस साधारण सहा किलोमीटर. एन ७१ या मोठ्या रस्त्याच्या कडेने वेगळी वाट आहे, ती पुढे राष्ट्रीय उद्यानात शिरते. वाटेत मक्रॉस ॲबी लागते, १४४८ साली स्थापन झालेला फ्रान्सिस्कन मठ. त्याच्या चौकात यू नावाचं एक जुनं सदाहरित झाड उभं आहे, दहा मिनिटं काढून ते नक्की पाहा. १८४३ साली बांधून झालेल्या मक्रॉस हाऊसपासून खरी फेरी सुरू होते. वाट झाडीतून पश्चिमेकडे जाते, ब्रिकीन पूल ओलांडते, डिनिस या ठिकाणी पोचते आणि दक्षिण काठाने टोर्क धबधब्याजवळून परत येते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. ही फेरी सायकलस्वारांसाठी एकदिशा आहे, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. आपण देवळात प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला ठेवतो. इथे उलट, तळं कायम डाव्या हाताला. तळं उजवीकडे दिसायला लागलं तर तुम्ही चुकलात, थांबा. वाट अरुंद आहे आणि वळणावर समोरचा दिसत नाही, म्हणून हा नियम आहे. त्याचा दुसरा फायदा एन ७१ वर कळतो. डिनिसच्या पुढे थोडं अंतर मोटारींच्या रस्त्यालगत काढावं लागतं. आयर्लंडमध्येही वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे या दिशेने गेलं की तुम्ही आपोआप तळ्याच्या बाजूला राहता आणि रस्ता ओलांडावा लागत नाही. एवढ्या तुकड्यात एकामागे एक चाला, भडक जाकीट घाला आणि शक्यतो सकाळी दहाच्या आत तिथून निघा. तेवढंही नको असेल तर सायकली मक्रॉस हाऊसला कुलूप लावून ठेवा आणि ब्रिकीनपर्यंत पायी जाऊन परत या. पायी चालणाऱ्यांना दिशेचं बंधन नाही.

‘मोटारविरहित’ म्हणजे रिकामी वाट नव्हे. तिथे घोड्याच्या बग्ग्या चालतात, त्यांना जाँटिंग कार म्हणतात. घोड्याच्या अगदी मागे जाऊन घंटी वाजवू नका, तो बुजतो. वीस-पंचवीस मीटर अलीकडेच वाजवा, गाडीवानाने मागे पाहिलं की उजवीकडून भरपूर जागा सोडून सावकाश पुढे जा. झाडीत वाट ओली असते, वर पानं आणि शेवाळ. तिथे वळणात ब्रेक दाबला की पुढचं चाक सरकतं. वेग वळणाच्या आधीच कमी करा आणि वळताना दोन्ही ब्रेक मोकळे सोडा.

गाव ते गाव धरून २२ किलोमीटर होतात. तुमच्या सवयीला जड नाही, पण अर्धा दिवस हातात ठेवा.

माझी गिअरची सायकल विमानातून नेऊ की तिथे भाड्याने घेऊ? (महाल)

दोन-तीन दिवसांसाठी भाड्याचीच घ्या. किलार्नीत हायब्रीड, ई-सायकल, मुलांच्या सायकली, मागे जोडायची ट्रेलर, सगळं मिळतं. सायकल ताब्यात घेताना टाच पेडलवर ठेवून पाय सरळ होतो का, ते पाहून सीटची उंची लावा. तिथे उजवा लिव्हर बहुधा पुढच्या ब्रेकचा असतो, तरी चालत नेताना एकेक दाबून खात्री करा. घंटी आहे का बघा, अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा कायद्याने लागतो.

दोन आठवडे फिरणार असाल तर मात्र स्वतःची न्या. दुकानातून सायकलचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका मागून घ्या. आधी पेडल काढा, १५ नंबरच्या पान्याने. उजवं पेडल नेहमीसारखं सुटतं, डाव्याचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतं. ‘पेडल जाम झालं’ म्हणून येणाऱ्या बहुतेक सायकलींत डावं पेडल उलट ओढून आणखी घट्ट केलेलं असतं. मग पुढचं चाक काढा आणि फोर्कच्या (चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या) टोकांमध्ये प्लास्टिकचा स्पेसर घाला, नाहीतर वर दुसरं सामान पडलं की फोर्क दबतो. डिस्क ब्रेक असेल तर पॅडच्या फटीत जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा. चाक नसताना लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना भिडतात आणि तिथे पोचल्यावर डिस्क आत जात नाही. मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) बोल्ट सोडून चेनसकट फोममध्ये गुंडाळा आणि फ्रेमच्या आत बांधा. टायरमधली थोडी हवा कमी करा. आणि ई-सायकल नेण्याचा बेत असेल तर तो सोडा, १६० वॉट-तासांपेक्षा मोठी बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही आणि जवळपास सगळ्याच ई-सायकलींची त्याहून मोठी असते.

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनहून किलार्नी रेल्वेने साधारण सव्वातीन ते साडेतीन तास, बहुतेक वेळा मॅलोला गाडी बदलून. सायकलची जागा तिकिटासोबतच राखून ठेवा, डब्यात मोजक्याच असतात.

शेंगेन व्हिसा आहे. त्यावर आयर्लंडला जाता येईल का? (मनीष नगर)

नाही. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, वेगळा आयरिश व्हिसा लागतो.

नावेत सायकल टाकून डोंगरखिंडीतून परत येण्याची एक फेरी आहे म्हणतात. तीसुद्धा मोटारविरहित आहे का? (प्रताप नगर)

पूर्ण नाही, पण सुंदर आहे. गावापासून दोनेक किलोमीटरवर, लॉख लेनच्या काठी, रॉस कॅसल हा पंधराव्या शतकातला किल्ला आहे. तिथून सकाळी उघड्या नावा सुटतात, सायकलीही चढवतात, जागा आदल्या दिवशी सांगून ठेवा. तिन्ही तलाव पार करून नाव लॉर्ड ब्रँडन्स कॉटेजला सोडते. पुढे ब्लॅक व्हॅलीच्या तोंडाशी सुमारे २०० मीटरचा चढ, मग गॅप ऑफ डनलो ही खिंड आणि केट कर्नीज कॉटेजपर्यंत उतार. हे ११-१२ किलोमीटर, पुढे गावापर्यंत जवळपास तेवढंच, आणि तो शेवटचा भाग साध्या रस्त्याचा. खिंडीत समोरून बग्ग्या चढत येतात आणि अधूनमधून मोटारही येते. उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका. तापतात आणि ओल्या रिमवर पकड उरत नाही. दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

चढाचा सराव इथे सेमिनरी हिल्सवर होतो. एकच चढ सलग सहा वेळा, बसूनच, हलक्या गिअरवर. सपाटीवरच्या ४० किलोमीटरपेक्षा हा सराव उपयोगी आहे.

किलार्नीशिवाय आणखी कुठे? (रामदासपेठ)

जुन्या रेल्वेमार्गांवर केलेल्या ग्रीनवे पाहा. चढ अगदी सौम्य, कारण आगगाडीला तीव्र चढ चालत नाही. वॉटरफर्ड ते डंगार्वन, ४६ किलोमीटर, २०१७ साली खुली झाली. तिच्यात सुमारे ४०० मीटरचा बोगदा आहे, पुढचा दिवा लावून जा. वेस्टपोर्ट ते अकिल ही पश्चिमेची, चाळीसहून थोडी जास्त. तळ्याजवळच राहायचं असेल तर ॲथलोन गाठा. लॉख री या तलावाच्या दक्षिणेला हे गाव आहे आणि तिथून मलिंगरपर्यंत ४० किलोमीटरहून जास्त जुनी रेल्वेवाट आहे.

पावसात चेन करकरायला लागते. तिकडे तर रोजच पाऊस. काय घालू? (सक्करदरा)

आपल्याकडच्या धुळीसाठी दुकानदार मेणाचं ड्राय ल्यूब देतो. धुळीत ते उत्तम, पण सततच्या पावसात तासा-दोन तासांत धुऊन जातं आणि चेन करकरते. आयर्लंडसाठी वेट ल्यूब, म्हणजे पावसात टिकणारं तेल, घ्या. चेन कोरड्या फडक्याने पुसा, आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर एकच थेंब टाका, पेडल उलटं दहा वेळा फिरवा, रात्रभर राहू द्या. सकाळी बाहेरचं तेल पूर्ण पुसून काढा. ही शेवटची पायरी लोक टाळतात. बाहेर उरलेल्या तेलाला रेती चिकटते आणि ती चेन घासून खाते. निघण्याआधी स्टीलच्या टेपने मोजा. २४ गाळे बरोबर १२ इंच भरायला हवेत. एक सोळांश इंच जास्त भरले तर चेन इथेच बदला, नाहीतर मागची चक्रंही खराब होतील.

टायर ३८ मिलिमीटरचा आणि वजन सत्तर किलोच्या आसपास असेल तर ४५-५० पीएसआय पुरे. इथे पंपावर ठासून हवा भरायची सवय असते. तेवढ्या हवेने ओल्या वाटेवर चाक उसळतं आणि पकड जाते. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर टोकावरची चिमुकली चकती आधी सैल करा, मगच पंप लावा.

आणखी एक, पावसाच्या कपड्यांचं. स्कूटरवरचा रेक्झिनचा रेनकोट नेऊ नका. आत घाम साचतो, बाहेर वाऱ्याने फुगतो, आणि माणूस दोन्हीकडून भिजतो. पातळ वॉटरप्रूफ जाकीट आणि आत लोकरीचा पातळ थर पुरेसा. जूनमध्ये केरीत उजेड रात्री दहापर्यंत असतो, पण वारा पडलेल्या संध्याकाळी तळ्याकाठी मिज नावाच्या बारीक माश्या चावतात. त्या वाऱ्यात उडत नाहीत, तेव्हा डबा खायला झाडीत न थांबता मोकळ्या काठावर बसा. उद्यानात लाल हरणं आहेत आणि गवतात गोचिड्या. मोजे उंच घाला आणि खोलीवर परतल्यावर पाय, पोटऱ्या, गुडघ्यामागची खोबण नीट तपासा. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, वर तेल किंवा काडेपेटी लावू नका.