पहिली शोकांत प्रेमकथा: नशीब जरा जपून वापर

भाऊ, कथा वाचली. केळीच्या बागेतली भेट झकास जमलीये, तिला हात लावू नको. पण शेवटी अचानक ट्रक येतो आणि पोरगा जातो, तिथे कथा ढेपाळते. तो नुसता अपघात झाला.

सध्या दोनच गोष्टी सांभाळ:

– योगायोग आधी पेरून ठेव. तापीच्या पुराने चुकामूक घडवायची ना? मग हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची दवंडी दुसऱ्या पानावरच येऊ दे, आणि कुणी ती मनावर घेऊ नये. पूर ठेव, हरवलेला मोबाइल आणि ट्रक काढून टाक. एका कथेला एक योगायोग पुष्कळ.

– योगायोगाच्या आधी माणसाचा निर्णय हवा. 'रोमिओ आणि ज्युलिएट'मध्ये प्लेगच्या संशयावरून निरोप्याला घरात कोंडतात, पत्र पोचत नाही. हे दैव. पण मित्राच्या खुनाचा सूड म्हणून ज्युलिएटच्या चुलत-मामेभावाला, टिबाल्टला मारून हद्दपारी ओढवून घेतो तो रोमिओच. ज्युलिएट गेल्याचं कानावर येताच विष घ्यायला निघतो तोही रोमिओच. तुझा नायक मात्र काहीच करत नाही, त्याला सगळं 'होतं'.

आणि 'नशिबात नव्हतं' हे निवेदकाने म्हणू नये. कानबाईच्या सणाचे रोट खाताना आजीला म्हणू दे. लग्न तिनेच मोडलेलं असेल तर बघ, वाक्य कसं बोचतं!

शाप, भाकितं, स्वप्नं यांच्या नादी इतक्यात लागू नको. शेवटची दोन पानं नव्याने लिही आणि पाठव.