मनालीहून आणलेली बुटकी झुडपं महाबळेश्वरात का जळाली?

प्रश्न महाबळेश्वरच्या एका स्ट्रॉबेरीवाल्या दादांचा आहे. मनालीला भाऊ होमस्टे चालवतो, त्याच्याकडून बुटके सदाहरित रोडोडेंड्रॉन (हिमालयातली फुलझुडपं) आणून दगडांच्या बागेत लावले, जुलैत सगळे गेले, थंडी कमी पडली का म्हणून विचारतायत.

दादा, थंडीचा दोष नाही हो. फोटो बघितले, पानं तपकिरी होऊन फांदीलाच चिकटलीत आणि बुडाशी नखाने साल खरवडली तर ती ओली होऊन सुटतेय, म्हणजे मानेशी, खोड आणि मुळं जुळतात तिथे, कूज झालीय. ही झुडपं हिमालयात ३००० मीटरच्या वरची, नेपाळात ज्याला सुनपाती म्हणतात तो त्यातलाच, गुडघाभर उंच, पानं चुरगळली की वास येतो. तिथे पाऊस पडला तरी उतारावरच्या खडीतून निथळून जातो, आपल्याकडे ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तीन-चार महिने जमीन ओलीच, त्यात एप्रिल-मेचं ऊन, मग मुळं टिकणार कशी? परत पैसे घालू नका, मनापासून सांगतोय.

तुमच्या भावाला मात्र मनालीत जमेल. उत्तर किंवा पूर्वेचा उतार घ्यायचा, दगड तिसरा हिस्सा तरी मातीत गाडायचा नाहीतर हलतो आणि मुळं तुटतात. माती एक भाग, पानांचं खत एक भाग, खडी दोन भाग, चुनखडी अजिबात नको कारण रोडोडेंड्रॉनला आंबट माती लागते. लावताना मान मातीखाली जाऊ द्यायची नाही आणि तिच्याभोवती दोन-तीन सेंटिमीटर बारीक खडी पसरायची. हिवाळ्यात बर्फ पडला की झटकू नका, तेच त्यांचं पांघरूण. बर्फ नसेल तर जमीन गोठते, मुळं पाणी ओढू शकत नाहीत, वर ऊन-वारा पानांतलं पाणी खेचतो आणि झाड वाळतं, तेव्हा देवदाराच्या फांद्या वर अंथरायच्या. रोपं नर्सरीतलीच घ्या, डोंगरावरून उपटून आणू नका.

आणि तुमच्या त्या दगडांत अंजनीचं झाड लावा ना! पठारावर वारा खाऊन ती आपोआप बुटकी राहते, बारमाही हिरवी, उन्हाळ्याच्या तोंडावर फांद्यांना निळी फुलं चिकटतात. वाढते फार सावकाश आणि मोठं झाड उपटून लावलं तर सहसा जगत नाही, म्हणून ताजं बी माती भरलेल्या पिशवीत टाका, नाहीतर नर्सरीत छोटं रोप मिळतंय का बघा आणि जूनचा पहिला पाऊस मुरला की लावा.