दुकानदाराच्या 'यादी'साठी खरेदी करू नका (बर्बन, बजेट ४० डॉलर: माझं उत्तर)

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत एडिसनला येऊन आठ महिने झाले, बर्बन आवडायला लागलीय, बाटलीमागे ३०-४० डॉलर घालायची तयारी आहे, डिसेंबरमध्ये पुण्याला बाबांसाठी एक न्यायचीय, आणि घराजवळचा दुकानदार म्हणतोय, "थोडी रेग्युलर खरेदी करा, मग मागे ठेवलेल्या खास बाटल्यांच्या यादीत तुमचं नाव घालतो." अगदी हेच वाक्य मी २०१९ मध्ये ऐकलंय, दुकान वेगळं होतं एवढंच, आणि ते कुठलं हे मी इथे लिहिणार नाही.

बर्बन म्हणजे मुख्यतः मक्यापासून केलेली अमेरिकन व्हिस्की, हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

तर मी काय केलं, दर शुक्रवारी ऑफिसातून येताना त्याच दुकानात जायला लागलो. यादीत वर यायचं तर "सगळ्या प्रकारचं" घ्यावं लागतं म्हणे, म्हणून फ्लेवर्ड व्होडका घेतली, घरात कोणी पीत नाही ती वाईन खोक्याने घेतली, एक टकीला घेतली जी अजून सीलबंद आहे. अकरा महिन्यांनी बायकोने कार्डाची स्टेटमेंट्स काढून बेरीज केली तर साडेतेराशे डॉलर झाले होते. मग यादीतली ती खास बाटली आली. कंपनीने सुचवलेली किंमत ७० डॉलरच्या आसपास, दुकानदार म्हणाला २६०, आणि वर रमच्या दोन बाटल्या घ्याव्या लागतील. इतकं केलंय तर आता कशाला सोडायची असं वाटून घेतली. पैसे देऊन वळलो तर मागे एक माणूस उभा होता, त्या दुकानात पहिल्यांदाच आलेला, त्याने विचारलं आणि त्यालाही तीच बाटली २६० ला मिळाली, रमशिवाय! म्हणजे यादी नव्हतीच, अकरा महिने नव्हतीच. मला पैशांपेक्षा याचा त्रास जास्त झाला आणि अजून होतो. व्हिस्की चांगली होती, खोटं कशाला बोलू, पण २० डॉलरवाल्या बाटलीच्या तेरा पट चांगली नव्हती, तशी कुठलीच नसते.

न्यू जर्सीत दुकानं खाजगी आहेत त्यामुळे टंचाईच्या बाटलीला मालक वाटेल तो भाव लावतो. नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात सरकारी दुकानं, भाव ठरलेला आणि दुर्मीळ बाटल्यांना लॉटरी. तिथे नंबर लागत नाही म्हणून लोक चिडतात, पण मला ती पद्धत जास्त बरी वाटते, निदान कोणी आशेवर झुलवत ठेवत नाही.

आता काय घ्यायचं. माझ्या मते नवशिक्याने लेबलवर एकच गोष्ट शोधावी, 'बॉटल्ड इन बाँड' (थोडक्यात 'बाँडेड'). १८९७ चा कायदा आहे. त्या काळी व्यापारी काहीबाही मिसळून, रंगवून व्हिस्की विकायचे म्हणून तो आला. एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, निदान चार वर्षं मुरलेली आणि बरोबर ५० टक्के अल्कोहोलची, एवढी हमी त्या तीन शब्दांत मिळते. 'स्मॉल बॅच' या शब्दांना कायद्यात काहीही अर्थ नाही, त्यासाठी जास्तीचे दहा डॉलर देऊ नका.

इव्हन विल्यम्सची पांढऱ्या लेबलची बाँडेड साधारण २० डॉलरला मिळते, सुरुवात तिथून करा. मग वाइल्ड टर्की १०१, माझ्या घरात ती कायम असते, तिथले मुख्य व्हिस्की कारागीर जिमी रसेल १९५४ मध्ये त्या डिस्टिलरीत लागले आणि कित्येक दशकं तिथेच राहिले, ते सातत्य चवीत कळतं असं मला तरी वाटतं. तिखट-मसालेदार आवडत असेल तर ओल्ड ग्रँड-डॅड बाँडेड, तिच्यात राय (गव्हासारखं एक धान्य) जास्त आहे. मऊ हवी असेल तर मेकर्स मार्क, रायऐवजी गहू. ४० डॉलरच्या आत नऊ वर्षं मुरलेली नॉब क्रीक मिळाली तर बिनधास्त घ्या. ५० टक्क्यांची घसा जाळते असं वाटलं तर चमचाभर पाणी घाला, त्यात कमीपणा काही नाही. आणि आधी भडंग-फरसाण खाऊन मग चव ठरवू नका.

आणखी एक, मागचं लेबल वाचा. पुढे आजोबांची रेसिपी, घोडे, जुना फोटो आणि मागे बारीक अक्षरात 'डिस्टिल्ड इन इंडियाना' असं असेल तर ती बहुतेक लॉरेन्सबर्गच्या मोठ्या कारखान्यातून विकत घेतलेली असते. माल वाईट नसतो, कित्येकदा उत्तम असतो, पण आजोबांच्या गोष्टीचे ६० डॉलर का द्यायचे? (लॉरेन्सबर्ग केंटकीतही आहे, वाइल्ड टर्की आणि फोर रोझेस तिथल्याच, म्हणून राज्याचं नाव नीट बघा.)

ही सगळी माझ्या जिभेची मतं. किमती गावागणिक बदलतात, आणि डॉक्टरांनी नको सांगितलं असेल तर हे सगळं सोडून द्या.

बाबांसाठी म्हणाल तर भारतात २०२५ मध्ये बर्बनवरचं आयातशुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आलं तरी वर राज्याचे कर असतातच, त्यामुळे इथूनच नेणं परवडतं. माणशी दोन लिटरपर्यंत ड्यूटी नाही. ७५० च्या तीन बाटल्या म्हणजे सव्वादोन लिटर होतात, तिथे लोक फसतात, दोनच न्या. बाबा सोडा घालून घेत असतील तर वाइल्ड टर्की १०१ न्या, सोड्यातही तिची चव मरत नाही. आणि कपाटात बाटली उभी ठेवायला सांगा, आडवी ठेवली की बूच कुजतं.